हुमणीवर मित्र सूत्रकृमी: दोन पावसाळ्यांत काय चुकलं, काय जमलं

पोयटा | १९ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

मी राहते हडपसरला, शेत दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला. दीड एकर ऊस आहे. रोजचं सगळं अण्णा (माझे वडील) बघतात, मी शनिवार-रविवारी जाते. परवा दोन दणदणीत वळीव झाले आणि संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबावर भुंगेऱ्यांची घरघर सुरू झाली. म्हटलं, आता लिहायलाच हवं, कारण अजून तीन-चार आठवड्यांत ज्याला काही करायचं त्याने करायचं असतं. नंतर हातात काही राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुमाराला आमच्या खोडव्याचा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचा) एक पट्टा पिवळा पडायला लागला. आधी वाटलं नत्र कमी पडलं, म्हणून युरिया टाकला. आठ दिवसांनी अण्णांनी एक बेट हाताला धरून सहज ओढलं तर ते अख्खं वर आलं. खाली मूळ म्हणून राहिलंच नव्हतं. त्या एका बेटाखाली ११ हुमण्या (भुंगेऱ्यांच्या मुळं खाणाऱ्या अळ्या) निघाल्या, करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्ध्या बांगडीसारख्या वळलेल्या. त्या वर्षी १४ गुंठे गेले.

पूर्वी अण्णा बांधणीच्या वेळी फोरेट हे कीटकनाशक टाकायचे. त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. एकदा हातमोजे न घालता टाकलं आणि रात्रभर त्यांना मळमळत होतं, डोकं धरून बसले होते. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटच्या वापरावर बंदीच आली. मला ते बरंच वाटलं, पण अण्णांचा प्रश्न रास्त होता: "मग आता टाकायचं काय?"

तिथून मी मित्र सूत्रकृमींपर्यंत पोचले, म्हणजे मातीत राहून किड्यांना मारणाऱ्या सूक्ष्म कृमींपर्यंत. साखरपट्ट्यात सगळे याला ईपीएन (इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणतात.

पहिल्या वर्षी मी अगदी सपशेल चुकले. पाकीट आणलं, गाडीच्या डिकीत ठेवलं, वाटेत हडपसरच्या मंडईत तासभर गेला. शेतावर पोचले तेव्हा दुपारचे दोन. पाकीट बॅरलमध्ये कालवलं आणि उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातून सरीला सोडलं. पाइपात आधीचं पाणी होतं, हाताला चटका बसेल इतकं गरम. बॅरलही तणनाशकाचं, नुसतं विसळून घेतलेलं. पंधरा दिवसांनी खणलं तर एकही मेलेली हुमणी सापडली नाही. ते पाकीटही बहुतेक दुकानातच मेलेलं होतं, कारण काचेच्या कपाटात, रस्त्याकडच्या उन्हाच्या बाजूला ठेवलेलं मी स्वतः पाहिलं होतं. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "पावडर आहे ताई, पावडरला काय होतंय?"

इथेच सगळं बिनसतं. दिसायला ती पावडर असते, पण आत कोट्यवधी जिवंत प्राणी असतात. गोठ्यात नवी गाय आणली तर आपण तिला उन्हात बांधून ठेवत नाही, तहानलेली ठेवत नाही. हेही तसंच सांभाळायचं.

दुसऱ्या वर्षी काय केलं ते आता सविस्तर सांगते.

१२ जुलैला सोडलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, पण सरीत पाणी उभं नव्हतं, छान वाफसा होता. पाकीट थर्मासच्या पेटीत आणलं, बर्फाला थेट लागू नये म्हणून मध्ये गोणपाट. संध्याकाळी साडेपाचला सुरुवात केली, तीही ढगाळ हवेत. पाठीवरच्या पंपाचं नोझल आणि आतली बारीक जाळी काढून टाकली आणि बेटाच्या बुडाशी आळवणी केली. पंप नवाकोरा, त्यात कधीच औषध गेलेलं नाही, आणि आता तो याच कामाला ठेवलाय. सूत्रकृमी तळाशी बसतात, म्हणून दर पंप भरताना बॅरल ढवळायचं काम माझ्या भाच्याकडे होतं. काम संपल्यावर रात्री पाटाचं हलकं पाणी दिलं, म्हणजे ते मातीवर न राहता खाली मुळांपाशी जावेत.

प्रमाण एकरी १०० कोटी धरलं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण हिशेब केला तर चौरस सेंटीमीटरला २५ येतात. गुंठ्याला अडीच कोटी.

दहाव्या दिवशी मी आणि अण्णा खुरपं घेऊन बसलो. तिसऱ्या बेटाखाली पहिली सापडली. हुमणी होती तिथेच, तशीच वळलेली, पण विटेच्या रंगाची झालेली. बोटाने दाबली तर आत लिबलिबीत, पण कुजल्याचा वास अजिबात नाही. अण्णा बराच वेळ ती तळहातावर घेऊन बसले. मग म्हणाले, "हिला तिथंच पुरून ठेव."

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माहीत आहे ते सगळं सांगते.

---

अंजीरवाला_पुरंदर | १९ जून, रात्री १०.३५

ताई, छान लिहिलंय. पण वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे डाळिंबाच्या आणि अंजिराच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी आहेत. झाड खुरटतं, फळ बारीक राहतं, दोन वर्षं झगडतोय. आणि तुम्ही सूत्रकृमी विकत आणून शेतात सोडताय? उद्या तेच उसाच्या मुळात शिरले तर?

---

पोयटा | १९ जून, रात्री ११.०५

दादा, अण्णांनीही पहिल्या दिवशी अगदी हेच विचारलं होतं. नाव एकच असल्याने घोटाळा होतो. तुमच्याकडचे ते मुळांवर गाठी करणारे, मेलॉयडोगायनी जातीचे. त्यांच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो, तो मुळात खुपसून ते रस शोषतात. ईपीएनला तसं काही नसतं. त्यांना झाडाचं मूळ खाताच येत नाही, त्यांचं पोट फक्त किड्यावर. साप म्हटलं की धामणही आली आणि घोणसही, त्यातलाच हा प्रकार.

पण एक महत्त्वाचं. तुमच्या गाठींवर ईपीएन हा उपाय नाही. तिथे झेंडूचं आंतरपीक, निंबोळी पेंड, पॅसिलोमायसिस बुरशी हे चालतं. आणि तुम्ही सूत्रकृमीनाशक औषध टाकत असाल तर त्याच जमिनीत ईपीएन सोडू नका, ते औषध यांनाही मारतं.

---

सूक्ष्मदर्शी | २० जून, सकाळी ७.१५

पोयटा, अनुभव मोकळेपणाने मांडल्याबद्दल मनापासून कौतुक. मी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे आतलं थोडं सांगतो. हे कसं चालतं ते एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

यांचे दोन मुख्य वंश: स्टाइनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस. मातीत मोकळी फिरतात ती तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं, साधारण अर्धा मिलिमीटर लांब. या अवस्थेत ती काही खात नाहीत, अंगातल्या चरबीवर जगतात. म्हणजे शिदोरी बांधूनच निघालेली असतात, आणि ती संपायच्या आत किडा सापडावा लागतो. जुनं पाकीट का लागू पडत नाही ते यावरून कळेल.

किडा सापडला की तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रांतून आत शिरतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिसला वर एक बारीक दात असतो, त्यामुळे मऊ कातडी असेल तर तिथूनही वाट काढतात. मारण्याचं काम मात्र ते एकटे करत नाहीत. त्यांच्या आतड्यात जिवाणू सांभाळलेले असतात, स्टाइनरनेमात झीनोऱ्हॅब्डस आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिसमध्ये फोटोऱ्हॅब्डस. हे जिवाणू किड्याच्या रक्तात सोडले की एक-दोन दिवसांत किडा मरतो. मग जिवाणू तो किडा आतून पचवतात आणि सूत्रकृमी त्यावर पोसतात. हेच जिवाणू प्रतिजैविकंही तयार करतात, म्हणून दुसरे कुजवणारे जंतू तिथे शिरू शकत नाहीत. अण्णांच्या तळहातावरच्या हुमणीला वास का नव्हता, त्याचं हे कारण. विटकरी रंगही फोटोऱ्हॅब्डसचाच. स्टाइनरनेमाने मेलेली अळी पिवळट तपकिरी दिसते.

आणखी एक करून पाहा. अशी ताजी लाल अळी रात्री पूर्ण अंधाऱ्या खोलीत न्या आणि दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. ती अगदी मंद, हिरवट निळी उजळलेली दिसते. फोटोऱ्हॅब्डस प्रकाश देतो, त्याच्या नावातच ते आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहकाऱ्याला उठवून आणलं होतं.

इतिहास फार लांबवत नाही. १९२९-३० च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत हे सूत्रकृमी सापडले आणि ते मुद्दाम वाढवून शेतात सोडायचे प्रयोग तिथेच सुरू झाले. आणि आपल्याकडे ज्याचा सगळ्यात जास्त वापर होतो तो हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका, त्याचं वर्णन १९९२ साली झालं ते तमिळनाडूत कोइमतूरला, उसाच्याच संशोधनातून. आपल्या उष्ण हवेला सोसणारी जात आहे ती. टिकाऊ पावडर करण्याचं मोठं काम बेंगळुरूच्या एनबीएआयआर या राष्ट्रीय संस्थेने केलं.

म्हणूनच एक सूचना: पाकीट घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड देशातल्या जाती ४-५ अंशाला सुखाने राहतात, इंडिका त्या थंडीत लवकर मरते. माठाजवळ, सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि लवकर वापरा.

---

पोयटा | २० जून, सकाळी ८.४०

काका, फ्रिजचं मला माहीत नव्हतं! गेल्या वर्षी उरलेलं अर्धं पाकीट मी भाज्यांच्या कप्प्यात ठेवलं होतं आणि नंतर ते काहीच लागू पडलं नाही. आज उलगडा झाला.

---

माळावरचा_शिरूर | २० जून, दुपारी १.१०

मी स्पष्टच लिहितो. मीही आणलं होतं. सप्टेंबरात दोन एकराला सोडलं, शून्य फरक. हुमणी जिवंत, ऊस आडवा. शेवटी गुऱ्हाळाला घालायलाही काही उरलं नाही. अशा गोष्टींनी शेतकऱ्याचे पैसे जातात आणि वर्षही जातं. ज्याचं घर नोकरीवर चालतं त्याला प्रयोग परवडतात.

---

पोयटा | २० जून, दुपारी २.३०

दादा, तुमचा राग मला कळतो. माझे पहिल्या वर्षीचे पैसे असेच गेले, आणि ऊस अण्णांचा उदरनिर्वाह आहे, माझ्या नोकरीवर ते घर चालत नाही. तीन गोष्टी विचारते: जमीन कोणती? त्या दिवशी ओल किती होती? सोडताना हुमणी केवढी होती?

---

माळावरचा_शिरूर | २० जून, दुपारी ३.०५

काळी, चिकण. पाऊस वीस दिवस नव्हता, भेगा पडल्या होत्या. हुमणी अंगठ्याएवढी. सोडलं सकाळी दहाला.

---

सूक्ष्मदर्शी | २० जून, संध्याकाळी ६.२०

शिरूरकर, तुमच्या प्रतिसादात अपयशाची सगळी कारणं आली आहेत आणि त्यात तुमचा दोष नाही. विकताना तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात. तो थर नसेल तर ते जागचे हलत नाहीत. उलट पाणी साचलं तर प्राणवायू न मिळून गुदमरतात. म्हणून वाफसा. चिकण मातीत कणांमधल्या वाटाच अरुंद असतात, त्यामुळे पोयट्याच्या किंवा वाळूसर जमिनीपेक्षा तिथे त्यांची चाल कमी. काळ्या जमिनीत करू नये असं नाही, पण मग औषध वरून शिंपून चालत नाही, बेटाच्या बुडाशी छोटं भोक करून आत द्यावं लागतं. सकाळी दहाचं ऊन, म्हणजे अतिनील किरणांनी वरचे सगळे काही वेळातच गेले.

आणि सगळ्यात मोठं कारण हुमणीचं वय. आपल्या भागात मुख्यतः होलोट्रिकिया सेराटा. (कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठाला ल्युकोफोलिस नावाची वेगळी जात त्रास देते.) वळवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, मादी जमिनीत अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत अळी बाहेर. ती दोनदा कात टाकते आणि ऑगस्टपासून पुढे जी दिसते ती तिसऱ्या अवस्थेतली, जाड कातडीची. हुमणी हजारो वर्षं याच मातीत सूत्रकृमींसोबत राहत आली आहे, तिच्याकडे बचावाची साधनं आहेत. तिच्या श्वसनछिद्रांवर चाळणीसारखं झाकण असतं, त्यातून आत शिरणं अवघड. अंगावर चढलेले सूत्रकृमी ती घासून काढते. लहान अळीपुढे सूत्रकृमी भारी पडतात, मोठीपुढे तेवढे नाही. सप्टेंबरात सोडणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं.

---

माळावरचा_शिरूर | २० जून, रात्री ८.५५

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद काका. या वर्षी जुलैत चार सऱ्यांना करून बघतो. सगळ्या रानाला नाही.

---

पोयटा | २० जून, रात्री ९.१०

चार सऱ्याच करा दादा. आणि शेजारच्या चार सऱ्या मुद्दाम तशाच सोडा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळायचं नाही. मी गेल्या वर्षी हेच केलं. दहा-दहा बेटं खणली. सोडलेल्या सऱ्यांत ४ जिवंत हुमण्या आणि ९ लाल मेलेल्या. न सोडलेल्या सऱ्यांत १५ जिवंत. सगळी हुमणी संपली नाही, हे मी आधीच सांगते. पण बेटं उभी राहिली.

---

गच्चीबाग_कोथरूड | २१ जून, सकाळी ११.२५

ताई, माझं शेत नाही, गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला दर वर्षी जाते आणि दर वर्षी चार रोपं जास्त घेऊन येते. शेणखत आणलं की त्यात हमखास पांढऱ्या जाड अळ्या निघतात. या हुमणीच ना? मी त्या सगळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकते. कुंडीत ईपीएन चालेल का? घरात दोन वर्षांची नात आहे, तिचे हात सारखे मातीत असतात, म्हणून विचारते.

---

सूक्ष्मदर्शी | २१ जून, दुपारी १२.४०

ताई, आधी अळी ओळखा, मग मारा. एक सोपी परीक्षा आहे. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. ती उताणी झाली आणि पाठीवर सरपटत भराभर निघाली, पाय हवेत, तर ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची अळी. ती फक्त कुजलेलं खाते, जिवंत मुळाला तोंड लावत नाही. उलट तिच्या लेंड्यांनी खत बारीक होतं. ती परत खताच्या ढिगात टाका. कुशीवर वळून पडून राहिली, कष्टाने हलली, तर हुमणीचा संशय घ्या.

शेणखतात तिसरीही असते, गेंड्या भुंगेऱ्याची, चांगलीच दांडगी. कुंडीला तिचा त्रास नाही, पण जवळ नारळ असेल तर मोठा भुंगेरा त्याचा कोंब पोखरतो. ती वेचलेली बरी.

नातीची काळजी रास्त आहे. सूत्रकृमी माणसाच्या अंगात जगत नाहीत, आपल्या शरीराची ऊब त्यांना सोसत नाही. गांडुळांनाही त्रास नाही. अमेरिकेत तर यांना कीडनाशक म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. हात धुवायचे ते शेणखतामुळे, सूत्रकृमींमुळे नाही.

---

गच्चीबाग_कोथरूड | २१ जून, दुपारी ४.१५

काका, आत्ताच सात अळ्या बाल्कनीच्या फरशीवर ठेवल्या. सहा उताण्या होऊन झपाझप कुंडीच्या सावलीत गेल्या! नात टाळ्या वाजवत होती. इतकी वर्षं मी यांना साबणात बुडवून मारत आले. फार वाईट वाटलं. सहाही परत खताच्या पिंपात सोडल्या.

सातवी कुशीवर पडून आहे. ती गुलाबाच्या कुंडीतली होती आणि तो गुलाब महिनाभर सुकतोय.

---

पोयटा | २१ जून, दुपारी ४.५०

मग गुलाबाची कुंडी रिकामी करून माती चाळा आणि हाताने वेचा. एका कुंडीसाठी पाकीट आणू नका. ईपीएन घ्यायचंच झालं तर सोसायटीतल्या पाच-सहा जणींनी मिळून घ्या, म्हणजे सगळं एकाच संध्याकाळी वापरलं जाईल. चौरस फुटाला साधारण २३ हजार धरा.

---

सातेरी | २२ जून, सकाळी ६.३०

मुळशीत माझ्या सातेरी मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. पहिला प्रश्न अर्थात माश्यांना धोका आहे का हा. दुसरं म्हणजे, माझ्या कमकुवत पेट्यांत मेणकिडा लागतो. पोळ्यात जाळ्या करतो, अळ्या गलेलठ्ठ असतात. ईपीएन वाढवायला याच अळ्या वापरतात असं ऐकलंय. खरं असेल तर मी डबाभर देऊ शकतो, एरवी त्या कोंबड्यांना जातात.

---

सूक्ष्मदर्शी | २२ जून, सकाळी ९.००

अगदी खरं. मेणकिड्याची अळी म्हणजे ईपीएनचं आवडतं खाद्य, जगभर प्रयोगशाळांत हीच वापरतात. माश्यांना शेतात धोका नाही. सूत्रकृमी मातीत, माश्या पेटीत, आणि पेटीत पिल्लांच्या भागात ३४-३५ अंश ऊब, कोरडी हवा. तिथे सूत्रकृमींचा निभाव लागत नाही. फवारा पेटीच्या तोंडावर मारू नका म्हणजे झालं. माश्यांबद्दल शंका असेल तर पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे जाऊन विचारता येईल.

घरी वाढवायचं तर असं: डब्यात ओला टिपकागद, त्यावर थोडं सूत्रकृमींचं पाणी, वर आठ-दहा अळ्या, झाकणाला बारीक भोकं, डबा अंधारात. दोन दिवसांत अळ्या मरतील, लाल होतील. काळ्या पडल्या आणि घाण वास आला तर त्या टाकून द्या, दुसरेच जंतू शिरलेत. चौथ्या-पाचव्या दिवशी लाल अळ्या उलट्या ठेवलेल्या बशीवर ओल्या कागदावर मांडा, कागदाची कड खाली थोड्या पाण्यात बुडालेली. दहा-बारा दिवसांनी नवी पिल्लं बाहेर पडून आपोआप त्या पाण्यात उतरतात. पाणी दुधाळ दिसायला लागतं.

एका मोठ्या अळीतून लाखाच्या वर पिल्लं मिळतात. तरी गुंठ्याला अडीच कोटी लागतात हे विसरू नका, म्हणजे दीडशे ते अडीचशे अळ्या. एकरभर उसाला घरचं पुरणार नाही. परसबागेला, रोपवाटिकेला, किंवा आणलेलं पाकीट जिवंत आहे का हे तपासायला मात्र उत्तम.

---

पोयटा | २२ जून, सकाळी ९.४५

पाकीट तपासण्याबद्दल मीही सांगते, कारण पहिल्या वर्षी हे माहीत असतं तर पैसे वाचले असते. चिमूटभर पावडर काळ्या बशीत साध्या पाण्यात टाकायची, अर्धा तास थांबायचं आणि दहापट भिंगातून बघायचं. जिवंत असतील तर बारीक केसांसारखे वळवळताना दिसतात. मेलेले टाचणीसारखे सरळ पडून असतात. आता मी दुकानातच बशी काढते. जो विक्रेता बघू देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

आणि सातेरी दादा, डबा नक्की हवाय!

---

नवशिका_भोर | २५ जून, रात्री ८.२०

याने गोगलगाई मरतात का? आमच्याकडे घेवड्याचा फडशा पाडलाय.

---

सूक्ष्मदर्शी | २५ जून, रात्री ९.१०

नाही. गोगलगायीवर वेगळा सूत्रकृमी असतो, ब्रिटनमध्ये १९९४ पासून तिथल्या बिनकवचाच्या गोगलगायींसाठी विकतात. आपल्याकडच्या मोठ्या शंखीवर तो उपयोगाचा नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधावर पसरा, सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. सलग पंधरा दिवस, शेजाऱ्यांसह.

---

माळावरचा_शिरूर | १६ जुलै, रात्री ९.३०

काल संध्याकाळी चार सऱ्या केल्या. बशीत तपासून घेतलं, वळवळत होते. काठीने भोकं पाडून बुडाशी दिलं. मेटारायझियम बुरशीसुद्धा घरात आहे. सोबत टाकू का?

---

सूक्ष्मदर्शी | १६ जुलै, रात्री १०.००

आता नको. दोन्ही मिळून चांगलं काम होतं, पण बुरशी आधी आणि सूत्रकृमी तीन-चार आठवड्यांनी, असा क्रम असेल तर. बेल्जियममध्ये हुमणीच्या नात्यातल्या अळीवर तसं दिसलं आहे. बुरशीने अशक्त झालेल्या अळीत सूत्रकृमी सहज शिरतात. पुढच्या वर्षी जूनमध्येच शेणखतात मिसळून मेटारायझियम द्या, जुलैत ईपीएन. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये एकदा जाऊन या, हुमणीवर तिथे बरंच काम झालं आहे.

---

पोयटा | २८ जुलै, रात्री १०.१५

आमचं यंदाचं ११ जुलैला झालं. काल खणायला गेलो. अण्णांनी आधी गेल्या वर्षीची ती जागा खणली, जिथे लाल हुमणी पुरली होती. सातेरी दादांच्या तीन मेणअळ्या मी नायलॉनच्या जाळीत बांधून नेमक्या त्याच बेटाखाली ठेवल्या होत्या, यंदाचं सोडायच्या आधी. ६ जुलैला ठेवल्या, १० ला काढल्या. तिघींपैकी एक लाल होती. म्हणजे गेल्या वर्षीचे काही त्या मातीत टिकून राहिले होते, पूर्ण उन्हाळा काढून. उसाला पाणी चालू असतं आणि पाचट आम्ही जाळत नाही, त्यामुळे ओल राहिली असावी.

ती अळी त्या रात्री घरातल्या आतल्या खोलीत नेली होती. दिवे घालवले, दारं लावली, खिडकीला चादर. अण्णा खाटेवर बसले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मला वाटलं त्यांना दिसणार नाही. पाचेक मिनिटांनी तेच म्हणाले, "दिसतंय गं. काजव्यासारखं नाही, त्याच्याहून शांत."

---

माळावरचा_शिरूर | २ ऑगस्ट, सकाळी ७.५०

सोडलेल्या सऱ्यांत सहा बेटं खणली. ५ लाल, ३ जिवंत. बाजूच्या सऱ्यांत सहा बेटांत ८ जिवंत. हुमणी अजून बारीक आहे. ताई, राग धरू नका त्या दिवशीचा.

---

पोयटा | २ ऑगस्ट, सकाळी ८.२०

राग कसला दादा! तुम्ही विचारलंत म्हणून काकांनी इतकं सविस्तर लिहिलं, त्याचा सगळ्यांनाच उपयोग झाला.

आता एक ठरवूया का? पुढच्या वळवाला भुंगेरे निघतील तेव्हा आमच्या वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी मिळून कडुनिंब-बाभळी झोडायच्या आणि रॉकेलच्या पाण्याचे टब ठेवायचे असं अण्णांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. मादीने अंडी घालायच्या आत जितके भुंगेरे गोळा होतील तितकी जुलैतली हुमणी कमी. तुमच्याकडे शिरूरलाही त्याच आठवड्यात केलं तर बरं, कारण भुंगेऱ्याला तालुक्याची हद्द कळत नाही.

आणि येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही उरलेली बेटं खणतोय. कुणाला डोळ्यांनी बघायचं असेल तर जरूर या, मला इथेच निरोप टाका म्हणजे रस्ता सांगते. खुरपं इथे आहे, भिंग आणा. काका, तुम्ही येणार असाल तर हडपसरहून मी गाडीतून घेऊन जाईन.

---

सूक्ष्मदर्शी | २ ऑगस्ट, सकाळी ८.४५

येतो. सूक्ष्मदर्शकही आणतो, अण्णांना त्या पिल्लांची चाल दाखवायची आहे.